जन्म, गुण आणि आकडे : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील ‘अर्ध-ऑर्क’ पात्राची चिकित्सा

प्रस्तावना

साहित्यसमीक्षेने कथा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांची सविस्तर दखल घेतली आहे. खेळाची नियमपुस्तिका मात्र बहुधा तिच्या कक्षेबाहेर राहिली. वास्तविक भूमिकाधारी खेळाची, म्हणजेच रोल-प्लेइंग गेमची नियमपुस्तिका ही एका कल्पित जगाची घटनाच असते. त्या जगात कोणी काय व्हावे, कोणाची मजल कोठवर जावी आणि कोणाविषयी कोणाच्या मनात काय असावे, हे ती ठरवून देते. कादंबरीचा वाचक निवेदकाशी असहमत होऊ शकतो. खेळाडूला मात्र नियम मान्य करूनच पटावर बसावे लागते. म्हणून नियमांत दडलेली समाजदृष्टी तपासणे हे समीक्षेचे काम ठरते.

प्रस्तुत लेखात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातील ‘वंश’ या संकल्पनेची आणि विशेषतः ‘अर्ध-ऑर्क’ या एका पात्रप्रकाराची चिकित्सा केली आहे. १९७८ पासून २०२४ पर्यंत हे पात्र खेळात आले, वगळले गेले, परत आले आणि पुन्हा वगळले गेले. या येण्याजाण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘वंश’ या शब्दाविषयी गेल्या काही वर्षांत बराच वाद झाला असला, तरी अन्यायाचे खरे ठिकाण त्या शब्दापेक्षा कोष्टकात होते. तसेच, कोष्टक दुरुस्त करताना ज्याच्यावर अन्याय झाला त्या पात्रालाच बाहेर काढले, तर दुरुस्ती अपुरी राहते.

खेळाचे स्वरूप

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टीएसआर या छोट्या कंपनीने तो तीन पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण सूत्रधार असतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि कृती यशस्वी झाली की नाही हे फाशांवर ठरते.

पात्राची जडणघडण मुख्यतः तीन गोष्टींनी होते. पहिली, सहा गुण : शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि व्यक्तिप्रभाव. सहा बाजूंचे तीन फासे टाकले की ३ ते १८ च्या दरम्यान प्रत्येक गुणाचा आकडा मिळतो. त्याची सरासरी १०.५ येते. दुसरी गोष्ट म्हणजे पेशा : योद्धा, धर्मोपदेशक, जादूगार, चोर इत्यादी. तिसरी गोष्ट म्हणजे पात्राचा जन्म, ज्याला मूळ इंग्रजी पुस्तकांत पन्नास वर्षे ‘रेस’ म्हणजे वंश म्हटले गेले. मानव, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग हे त्यांतील जुने वंश. पात्र जसजसे अनुभव मिळवते तसतशी त्याची ‘पातळी’ वाढते आणि सामर्थ्यही वाढते.

अलीकडच्या आवृत्त्यांत गुणाच्या आकड्यात दोनाचा फरक पडला की वीस बाजूंच्या फाशावर एकाचा, म्हणजे यशाच्या शक्यतेत ५ टक्क्यांचा फरक पडतो. ५ टक्के ही बाब किरकोळ वाटते. परंतु ती प्रत्येक फाशाला, प्रत्येक प्रसंगात आणि पात्राच्या आयुष्यभर लागू होते.

कादंबरीतून कोष्टकात

या खेळातील वंशांचा उगम साहित्यात आहे. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांचा प्रभाव मर्यादित होता, असे गायगॅक्स सांगत असत. तरीही १९७४ च्या पुस्तिकांत ‘हॉबिट’ हा टोल्किन यांचाच शब्द वापरला होता आणि कायदेशीर हरकतीनंतर त्याच्या जागी ‘हाफलिंग’ हा शब्द आला. पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचेही ऋण या खेळावर आहे. सृष्टीतील शक्तींची सुव्यवस्था आणि अनागोंदी अशी विभागणी तेथून आली.

ऑर्क हा जीव टोल्किन यांच्या लेखनातला. तो सदैव खलपक्षाच्या सैन्यात असतो. त्याची उत्पत्ती नेमकी कशी झाली याविषयी टोल्किन यांचा अखेरपर्यंत निश्चय झाला नाही; कारण संपूर्ण समूह जन्मतःच दुष्ट असू शकतो ही कल्पना त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेला पेलणारी नव्हती. मात्र १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांच्या रूपाचे वर्णन करताना त्यांनी मंगोल चेहरेपट्टीचा विकृत नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता. ‘रेस अँड पॉप्युलर फँटसी लिटरेचर’ या ग्रंथात हेलन यंग यांनी इंग्रजी अद्भुतरम्य साहित्याची घडणच गोरेपणाला प्रमाण मानण्याच्या सवयीतून कशी झाली, याची मांडणी केली आहे. ऑर्क हे त्या सवयीचे ठळक उदाहरण होय.

तथापि कादंबरी आणि नियमपुस्तिका यांत एक मूलभूत भेद आहे. कादंबरीला अपवाद करता येतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एल्फ आणि ड्वार्फ या समूहांत जुने वैर आहे; पण लेगोलस आणि गिम्ली यांची मैत्री ते वैर ओलांडते, किंबहुना वैर आहे म्हणूनच त्या मैत्रीला मोल येते. १९७८ मध्ये गायगॅक्स यांनी प्रगत खेळासाठी ‘प्लेअर्स हँडबुक’ सिद्ध केले, तेव्हा त्यात वंशांच्या परस्पर भावनांचे एक कोष्टकच आले. कोणाला कोणाविषयी पसंती, सद्भाव, सहनशीलता, तटस्थता, तिटकारा किंवा द्वेष वाटतो, हे तेथे एकेका अक्षराने नोंदवलेले आहे. कादंबरीत जो संघर्षाचा आरंभबिंदू होता, तो कोष्टकात स्थायी गुणधर्म बनला.

पेशा आणि जन्म यांची सांगड

आरंभीच्या आवृत्त्यांत जन्मावरून पेशा आणि प्रगतीची कमाल मर्यादाही ठरत असे. १९७४ च्या नियमांत ड्वार्फ केवळ योद्धा होऊ शके आणि सहाव्या पातळीपुढे जाऊ शकत नसे. हॉबिटची मर्यादा चौथी पातळी होती. मानवाला मर्यादा नव्हती. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या प्राथमिक संचात तर एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे स्वतंत्र पेशेच झाले. मानवाने योद्धा व्हावे, जादूगार व्हावे की चोर, हे खेळाडू ठरवी. एल्फने मात्र एल्फच व्हायचे. सोबतच्या पुढील संचात ड्वार्फला बारावी, एल्फला दहावी आणि हाफलिंगला आठवी पातळी ही शेवटची पायरी होती.

या मर्यादांचे समर्थन गायगॅक्स यांनी १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये केले आहे. खेळाचे जग मानवकेंद्री असावे आणि अंधारात पाहणे, दीर्घायुष्य यांसारख्या लाभांमुळे इतर वंश वरचढ ठरू नयेत, असा त्यांचा विचार होता. समतोलाची ही गरज खरी होती. परंतु समतोल साधण्याचा जो मार्ग निवडला गेला त्यात एक समूह अमर्याद प्रगतीचा हक्कदार आणि बाकीचे जन्मानेच मर्यादित, अशी समाजरचना गृहीत धरली गेली.

अर्ध-ऑर्क : १९७८ ते २०१४

या रचनेची सर्वांत तीव्र झळ अर्ध-ऑर्क या पात्राला बसली. मानव आणि ऑर्क यांच्या संबंधातून जन्मलेले हे पात्र १९७८ च्या पुस्तकात खेळाडूंना प्रथम उपलब्ध झाले. त्याला शक्तीत १ आणि काटकपणात १ अशी वाढ मिळे, तर व्यक्तिप्रभावात २ ची घट होई. ऑर्केतरांच्या संदर्भात त्याचा व्यक्तिप्रभाव १२ च्या वर जाऊ शकत नसे. धर्मोपदेशक म्हणून तो चौथ्या पातळीवर, चोर म्हणून आठव्या पातळीवर आणि योद्धा म्हणून दहाव्या पातळीवर थांबे. अमर्याद प्रगती त्याला एकाच पेशात होती, ती म्हणजे मारेकऱ्याच्या. परस्पर भावनांच्या कोष्टकात ड्वार्फ व नोम यांच्याकडून त्याला द्वेष आणि एल्फकडून तिटकारा नेमून दिलेला होता.

याहून सूचक आहे ते त्याच्या जन्माचे वर्णन. अशा संकरजन्य व्यक्तींपैकी सुमारे एक-दशांश व्यक्ती मानव म्हणून खपून जातील इतपत मानवासारख्या दिसतात आणि खेळाडूंची पात्रे त्या एक-दशांशातली असतात, असे पुस्तक गृहीत धरते. म्हणजे पात्राच्या अस्तित्वाची पहिली अटच स्वतःचे अर्धे मूळ लपवता येणे, ही आहे. ज्या अमेरिकन समाजात हा खेळ निर्माण झाला, तेथे गोऱ्या समाजात ‘खपून जाणाऱ्या’ मिश्रवंशीय व्यक्तींचा प्रदीर्घ आणि वेदनामय इतिहास आहे. हे वर्णन वाचताना तो इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क मूळ पुस्तकातून वगळला गेला. मारेकऱ्याचा पेशाही गेला. त्या दशकात अमेरिकेत या खेळावर अनैतिकतेचे आणि सैतानपूजेचे आरोप होत होते. त्या वातावरणात प्रकाशकाने अनेक अडचणीचे घटक दूर केले. ही कृती वंशविषयक आत्मपरीक्षणाची नव्हती. ज्याचा जन्मच अडचणीचा, त्याला नजरेआड करणे एवढाच तिचा अर्थ होता.

१९९७ मध्ये टीएसआर कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिने पातळीवरील सर्व वंशाधारित मर्यादा रद्द केल्या. ही या खेळाच्या इतिहासातील मोठी सुधारणा होती. अर्ध-ऑर्कही परतला, पण त्याच्या वाट्याला शक्तीत २ ची वाढ आणि बुद्धी व व्यक्तिप्रभाव या दोहोंत प्रत्येकी २ ची घट आली. १९७८ मध्ये त्याच्या बुद्धीत अशी वजाबाकी नव्हती. दार उघडले, आणि आत येणाऱ्याला मंदबुद्धीचा शिक्काही मिळाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने वंशांच्या गुणांतील वजाबाकी बंद करून फक्त बेरीज ठेवली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकानेही हाच मार्ग धरला. मात्र ऑर्कांच्या ग्रूम्श या देवाचा प्रभाव अर्ध-ऑर्काच्या मनावर राहतो, हे वर्णन कायम राहिले. २०१६ च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या पुस्तकात खेळाडूंसाठी पूर्ण ऑर्क उपलब्ध झाला, तेव्हा बुद्धीतील २ ची वजाबाकी पुन्हा उगवली.

एक वेगळी वाट

काळच तसा होता, त्यामुळे याहून वेगळे काही शक्य नव्हते, असा बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. १९७८ मध्येच केओसियम या संस्थेचा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात मानवेतर जीवांचे गुणही मानवाच्याच मापाने मोजलेले होते आणि त्यांची भूमिका खेळाडूला घेता येत असे. १९८२ मध्ये ग्रेग स्टॅफोर्ड आणि सँडी पीटरसन यांनी ‘ट्रोलपॅक’ हा संच सिद्ध केला. त्यात ट्रोल या राक्षसी जीवांचा इतिहास, देवधर्म, आहार, कुटुंबव्यवस्था आणि त्यांच्या समूहाचे दुःख यांचे सविस्तर चित्रण आहे. हे ट्रोल मानवाला भयावह वाटतात. परंतु ते स्वतःच्या दृष्टीने जगाकडे पाहतात. भेद ठेवूनही प्रतिष्ठा देता येते, हे या उदाहरणाने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या परिघातही अशी जाण होती. कीथ बेकर यांनी निर्मिलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एबेरॉन’ या विश्वात जगाला बाह्य संकटापासून राखणाऱ्या प्राचीन पंथाचे रक्षक ऑर्क आहेत. म्हणजे प्रश्न कल्पनाशक्तीच्या अभावाचा नव्हता. प्रमाण मानल्या जाणाऱ्या मुख्य पुस्तकाने कोणती कल्पना स्वीकारली, हा खरा प्रश्न होता.

२०२० नंतरचे बदल आणि त्यांचे मूल्यमापन

जून २०२० मध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषविरोधी आंदोलन तीव्र असताना, प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ यांची पूर्वीची वर्णने वास्तवातील समूहांच्या अवहेलनेशी मिळतीजुळती असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑर्काच्या बुद्धीतील वजाबाकी काढून टाकली गेली आणि ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने वंशाची गुणवाढ हव्या त्या गुणाला देण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ हा शब्द स्वीकारण्याचा मनोदय जाहीर झाला. २०२४ च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये तो अमलात आला. तेथे ऑर्क हे मुख्य दहा पर्यायांपैकी एक आहे आणि गुणवाढ जन्माऐवजी पात्राच्या ‘पार्श्वभूमी’वरून, म्हणजे पूर्वायुष्यातील व्यवसायावरून ठरते.

या बदलांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. ऑर्क आणि हाफलिंग हे मानवाचे वंश नव्हेत, ते भिन्न जीव आहेत. तीन फुटी हाफलिंग आणि धिप्पाड ऑर्क यांची शक्ती सारखी मानली, तर जन्म म्हणजे केवळ वेशभूषा उरेल, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र येथे दोन प्रकारच्या भेदांत फरक करावा लागतो. अंधारात दिसणे, पंख असणे, अग्नीने न भाजणे हे शरीरधर्म आहेत. बुद्धी, विवेक आणि व्यक्तिप्रभाव ही माणसाची योग्यता मोजणारी मापे आहेत. पहिल्या प्रकारच्या भेदाने कल्पित जग समृद्ध होते. दुसऱ्या प्रकारच्या भेदाने श्रेणी निर्माण होते. आकार आणि शक्ती यांचा संबंध पहिल्या प्रकारात बसवता येईल. ऑर्काच्या बुद्धीतील वजाबाकी कोणत्याही शरीरधर्मातून सिद्ध होत नाही. युनेस्कोने १९५० मध्ये वंशविषयक निवेदन प्रसिद्ध करून वंशांच्या बौद्धिक श्रेष्ठ-कनिष्ठत्वाला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले होते. जी कल्पना विज्ञानाने नाकारली, तिला कल्पित जगात आकड्यांचे अभय मिळाले होते.

२०२४ च्या व्यवस्थेतही दोन उणिवा राहतात. पहिली उणीव पार्श्वभूमीसंबंधी आहे. प्रत्येक पार्श्वभूमीला तीन गुण नेमून दिले आहेत. शेतकऱ्याची वाढ शक्ती, काटकपणा आणि विवेक यांत होऊ शकते. बुद्धी आणि व्यक्तिप्रभाव यांत नाही. उमरावाच्या वाट्याला शक्ती, बुद्धी आणि व्यक्तिप्रभाव येतात. सूत्रधाराला नवी पार्श्वभूमी रचण्याची वाट मोकळी आहे, हे खरे. पण मुख्य पुस्तकाचे गृहीतक यातून लपत नाही. जन्माच्या जागी व्यवसाय आला आणि गुणांची वाटणी कायम राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये गुणांवर आधारित चातुर्वर्ण्याचे समर्थनही फेटाळले होते. माणसांचे गुण इतके विविध असतात की त्यांना मोजक्या वर्गांत बसवणे हेच मुळी माणसाचे उथळ आकलन आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तो येथेही लागू पडतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नव्या पुस्तकात ऑर्कला स्थान मिळाले, परंतु अर्ध-ऑर्क आणि अर्ध-एल्फ मुख्य यादीतून गेले. जुन्या पुस्तकांतील ही पात्रे वापरण्यास मनाई नाही. तरीही मुख्य ग्रंथाने त्यांना नाव दिलेले नाही. ‘अर्धा’ हा शब्द अवमानकारक आहे, हे मान्य. पण शब्द अवमानकारक असला म्हणून दोन समूहांच्या मधोमध जन्मलेल्या व्यक्तीचा अनुभव संपत नाही. ‘पाथफाइंडर’ या प्रतिस्पर्धी खेळाने २०१९ मध्येच ‘वंश’ हा शब्द सोडून पूर्वजपरंपरा अशा अर्थाचा शब्द घेतला होता. २०२३ च्या सुधारित पुस्तकात त्याने मिश्र जन्माची पात्रे ठेवली आणि त्यांना ‘ड्रोमार’ व ‘आयुव्हारिन’ अशी स्वतःची नावे दिली. अपमान काढून व्यक्ती राखता येते, याचा हा पुरावा आहे.

मराठी परिभाषेचा प्रश्न

या विषयाची मराठीत चर्चा करू लागताच परिभाषेचा पेच उभा राहतो आणि तो उद्बोधक आहे. ‘रेस’ला मराठीत ‘वंश’ हा रूढ शब्द आहे. ‘स्पीशीज’ला वृत्तपत्रे ‘प्रजाती’ म्हणतात. परंतु महाराष्ट्रातील शालेय जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी असून ‘स्पीशीज’ला ‘जाती’ म्हटले जाते. म्हणजे इंग्रजीत ज्या शब्दाने वाद शमवायचा होता, त्याचे काटेकोर मराठी भाषांतर ‘जाती’ असे होते. इंग्रजी वाचकाला जो शब्द निर्जंतुक व शास्त्रीय वाटतो, तो मराठी वाचकासमोर विषमतेचा सर्वांत जुना शब्द घेऊन येतो.

अर्ध-ऑर्काचे १९७८ चे कोष्टकही मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात भिन्न वर्णांच्या संबंधांतून जन्मलेल्या संततीची नावे, दर्जा आणि त्यांनी करावयाची कामे क्रमाने दिली आहेत. गायगॅक्स यांच्यावर या ग्रंथाचा प्रभाव होता, असे येथे सुचवायचे नाही. तसा कोणताही आधार नाही. साम्य रचनेचे आहे. जन्माचे कोष्टक करायला घेतले, की संकरजन्य व्यक्तीची सोय लावावी लागते आणि ती सोय बहुधा समाजाला नको असलेल्या कामात लावली जाते. एका कोष्टकात तो मारेकरी होतो, दुसऱ्यात चांडाळ. तुलना येथेच थांबते. कारण खेळाडू रात्री उठून घरी जातो, स्मृतिग्रंथाच्या नियमांखाली जगणाऱ्यांना ती मोकळीक नव्हती.

निष्कर्ष

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील वंशसंकल्पनेचा पन्नास वर्षांचा प्रवास मर्यादेकडून मुभेकडे झाला आहे. पातळीची बंधने २००० मध्ये गेली, गुणांतील वजाबाकी २०२० पर्यंत गेली आणि जन्माधारित गुणवाढ २०२४ मध्ये गेली. ही प्रगती निःसंशय आहे आणि ती प्रामुख्याने आकड्यांच्या दुरुस्तीतून झाली आहे. नामांतराचे महत्त्व दुय्यम आहे. ते मराठीत आणताच त्याची मर्यादा उघड होते.

अर्ध-ऑर्काचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला आहे. १९८९ मध्ये त्याला संकोचापोटी वगळले गेले आणि २०२४ मध्ये संवेदनशीलतेपोटी; दोन्ही वेळा यादीतील रिकामी जागा सारखीच दिसते. ज्या पात्राला खेळाने प्रथम मानव म्हणून खपून जाण्याची अट घातली, त्याला आपले दोन्ही जन्म उघडपणे सांगून टेबलावर बसता येईल, अशी तरतूद नियमात होईल तेव्हाच ही दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येईल. नियमपुस्तिकांची समीक्षा करताना यादीत कोण आहे याबरोबरच यादीतून कोण गेले आणि का गेले, हेही तपासावे लागते.